मूठ आणि हात

दिल्लीच्या दक्षिणेस, तुघलकाबादच्या परिसरात, डॉ. कर्णीसिंह नेमबाजी मैदान आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये तेथे राष्ट्रकुल स्पर्धांतील पिस्तुलाच्या चढाओढी झाल्या. महिलांच्या 25 मीटर प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी सुवर्ण आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्यपदक मिळविले. जोडीचे सुवर्णही या दोघींचेच.

या प्रकारातील पिस्तुलाचे कूळ युद्धभूमीवरचे नव्हे. 1845 च्या सुमारास पॅरिसच्या फ्लोबेर याने घरगुती नेमबाजीसाठी इवलेसे काडतूस बनविले. त्याच्याच वंशात पुढे असे काडतूस आले की, ज्याच्या तळाच्या कडेतच स्फोटक द्रव्य असते. रिमफायर हे नाव त्यावरूनच पडले. आज वापरात असलेले .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 मधले. त्याचा धक्का सौम्य; म्हणून नेम चुकला तर दोष बहुधा हाताकडे जातो.

आणि हात कुणाचाच कुणासारखा नसतो. कारखान्यातून येते ती मूठ सर्वांसाठी घडविलेली, म्हणजे एका अर्थी कुणासाठीच नव्हे. नेमबाज अक्रोडाच्या लाकडाची निराळी मूठ मागवितो, पोकळ जागी लुकण भरतो, टोचेल तेथे कानस चालवितो. तळव्याखालचा आधार वरखाली सरकवितो, नळीखाली वजने जोडतो. हा शौक नव्हे. जलद फेरीत हात खाली झुकलेला असतो, आणि तो उचलून एक गोळी झाडण्यास अवघे 3 सेकंद मिळतात. तेवढ्यात पकड सुधारता येत नाही. पुढची माशी खाचेत आपोआप येऊन बसली पाहिजे, आणि ते मूठ ठरविते.

मात्र या घडणीला कुंपण आहे. शस्त्र 300 मिलिमीटर लांब, 150 उंच व 50 रुंद अशा पेटीत मावले पाहिजे. वजन 1400 ग्रॅमच्या आत हवे, आणि चाप किमान 1000 ग्रॅमचा भार पेलणारा हवा. मुठीने हाताला वेढू नये, हीही अट आहे. 50 मीटरच्या पिस्तुलाला अशी बंधने फारशी नव्हती. त्याची मूठ सबंध पंजा कवेत घेई. दिल्लीत 2010 मध्ये त्या प्रकाराचे सुवर्ण ओंकार सिंह यांनी जिंकले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर तो ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

हंगेरीच्या कारोय टाकाच याचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने निकामी केला. त्याने डावा हात तयार केला आणि 1948 व 1952 ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. एवढे कुठल्याही कानशीने साधत नाही.

2018 मध्ये पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांची थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशी बरोबरी झाली. जादा फेरीतही बरोबरीच झाली; दुसऱ्या जादा फेरीत मात्र सुवर्ण राहींकडे आले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.