चिमणीचे घर आणि नागोबाचा हार

स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, आणि त्या मला सातवीतही नीट पाठ झाल्या नव्हत्या. परंतु गेल्या श्रावणात मी कहाणी सांगायला बसले असता शेजारची नवी सून हसून म्हणाली, "काकू, हे लहान लेकरांचं आमाले कायले सांगता?" तिला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आता लिहिते.

काऊचिऊची गोष्ट आपण सगळ्यांनी लेकरांना घास भरवताना सांगितली आहे. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते व तो चिऊच्या मेणाच्या घराशी येऊन दार ठोठावतो. ही गोष्ट किती जुनी असेल? आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू तेथे राहत. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर नागदेवाचार्य व इतर शिष्य तेथे जमले. त्यांतील म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याला स्वामींची जी आठवण होती ती विचारून घेतली व 'लीळाचरित्र' लिहिले. हे १२७८ च्या सुमाराचे. त्या ग्रंथात ही गोष्ट आहे. चिमणीला तेथे साळै म्हटले आहे, एवढाच फरक. लिहिणारे घरदार सोडलेले, शास्त्र शिकलेले लोक. पण ही पोरांची गोष्ट आहे, वगळून टाका, असे त्यांना वाटले नाही.

आणि वाटेल तरी कसे? स्वामींचे शिकवणेच गोष्टींतून होते. हत्ती चाचपणारे आंधळे आपण शाळेच्या पुस्तकात वाचले, ते त्यांच्या दृष्टांतांतही आहेत. असे ११४ दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले. या केसोबासांना संस्कृतात लिहिण्याची हौस होती, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. माझ्या म्हाताऱ्या बायांचे त्यात नुकसान होईल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे गोष्टी कोणासाठी होत्या ते उघडच झाले. पुढे धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली व लोकांच्या पाठांतरावरून ती पुन्हा जुळवावी लागली. त्यांत हिराइसा नावाच्या बाईचाही पाठ होता. हे वाचले त्या दिवशी माझा स्वयंपाक तसाच राहिला होता.

डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये छापून निघाले, आणि २०२४ पासून रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले. अमरावतीहून सहज जाऊन येता येते. मंडळाची सहल तेथे न्यावी, ही माझी सूचना नोंदवून घ्यावी.

आता श्रावणातल्या कहाण्या. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये या कहाण्यांचे इंग्रजी पुस्तक काढले व नाव दिले, दख्खनच्या बाळगोष्टी. साहेबाची गंमत वाटते. उपाशी पोटी, हातात अक्षता धरून ऐकणाऱ्या बाया त्याने पाहिल्या नसाव्यात. त्यांच्याकडेही पूर्वी असेच होते म्हणा. सिंड्रेलाची गोष्ट १६९७ मध्ये पेरो नावाच्या ज्या फ्रेंच गृहस्थांनी छापली, त्यांच्या वेळी पॅरिसच्या दिवाणखान्यांत थोर घरच्या स्त्रियाच एकमेकींना अशा गोष्टी सांगत. लेकरांकडे त्या नंतर गेल्या. गिरीश कर्नाडांनी १९८८ मध्ये 'नागमंडल' नाटक लोककथांवरूनच रचले. अशा गोष्टी मुलांना भरवताना सांगतात खऱ्या, पण घरातल्या बायकांचे त्यांतून आपापसांतही बोलणे चालते, असे त्यांनी म्हटले आहे. पुरुष असून त्यांना हे कळले.

मला ते नागपंचमीला कळले. माझे माहेर अकोल्याचे, पण आईवडील लहानपणीच गेले, भाऊ नाही, आत्याने वाढवले. लग्नाच्या पहिल्या श्रावणात जावांना न्यायला त्यांचे भाऊ आले. मी चूल सांभाळत राहिले. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, चिरायचे नाही, म्हणून हाताला कामही नव्हते. सासूबाई फार बोलत नसत. त्यांनी पाटावर नाग काढले व कहाणी सुरू केली. एका सुनेला माहेरचे कोणी नव्हते, म्हणून नागोबा मामा होऊन तिला न्यायला आला. नागीण बाळंत होताना हिच्या हातचा दिवा पडला व पिल्लांची शेपटे भाजली. पिल्ले मोठी झाल्यावर डंख करायला आली, तो ही आपली नाग काढून, दूध ठेवून म्हणते आहे, माझे भाऊ असतील तेथे सुखी असोत. त्यांचा राग गेला. दुधाच्या वाटीत नवरत्नांचा हार ठेवून ती निघून गेली.

पुतण्यांना शेपटांची काळजी पडली होती. मी मात्र पदर तोंडाशी धरून बसले होते. कहाणी संपल्यावर सासूबाईंनी ट्रंकेतून एक लुगडे काढून माझ्या मांडीवर ठेवले व म्हणाल्या, "तुह्या मामानं धाडलं." एवढेच. पुढे त्या होत्या तोवर दर नागपंचमीला मामाकडून काही ना काही येई, कधी नुसत्या बांगड्या, एका दुष्काळाच्या वर्षी तर फक्त गुळाचा खडा.

हसणाऱ्या त्या सुनेचेही माहेर लांब आहे, आणि गेल्या वर्षी तिला न्यायला कोणी आले नव्हते. येत्या पंचमीसाठी मी एक पातळ घेऊन ठेवले आहे. स्मरणिका त्याआधी निघाली, तर तिला हे पान कोणी दाखवू नये.