लाहोर कटाचा खटला आणि असाधारण न्यायासनाचा प्रश्न

दहशतवादी कृत्याचा संशय असलेल्या मनुष्यास सामान्य न्यायपद्धतीचे संरक्षण द्यावे किंवा नाही, हा वाद हिंदुस्थानात नवा नाही. लाहोर कटाच्या खटल्यात (१९२९-३०) तो त्याच्या सर्व अंगांनी प्रकट झाला.

साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे वध झाला. त्या प्रकरणाची चौकशी १० जुलै १९२९ रोजी मॅजिस्ट्रेटपुढे सुरू झाली. परंतु आरोपींच्या अन्नत्यागामुळे ती रेंगाळली. ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर रोजी मरण पावले. आरोपींच्या गैरहजेरीतही काम चालविता यावे, असे विधेयक सरकारने मध्यवर्ती विधिमंडळात आणले. जिना यांनी त्यास कडाडून विरोध केला आणि विधेयक संमत झाले नाही. तेव्हा लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी वटहुकूम काढून उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचे खास न्यायाधिकरण नेमले. त्याच्या निर्णयावर अपील नव्हते.

सरकारपक्षाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. विलंब खरा होता, व त्यास आरोपींचे वर्तनही कारण होते. शिवाय न्यायाधिकरणाने तिघांना निर्दोष सोडले, हेही नमूद करणे प्राप्त आहे. दोष होता तो रचनेत. न्यायमूर्ती आगा हैदर यांनी १२ मे रोजी आरोपींविरुद्धच्या हुकुमाची जबाबदारी नाकारली. जूनमध्ये मंडळाची पुनर्रचना झाली, तीत अध्यक्षांसह तेही वगळले गेले. फिर्यादी असलेले सरकारच न्यायासन घडवीत व मोडीत होते. ७ ऑक्टोबर रोजी भगतसिंग, सुखदेव व पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू यांस मृत्युदंड झाला. आणीबाणी आहे किंवा नाही हे ठरविण्याचा अधिकार गव्हर्नर-जनरलचाच, असे सांगून प्रिव्ही कौन्सिलने १९३१ च्या फेब्रुवारीत अपिलाची परवानगी नाकारली. २३ मार्च रोजी तिघे फाशी गेले.

या अनुभवाचे उत्तर स्वतंत्र भारताच्या संविधानात शोधावे लागते. अन्वर अली सरकार खटल्यात (१९५२) पश्चिम बंगालच्या १९५० च्या खास न्यायालय कायद्याची कसोटी लागली. कोणताही खटला खास न्यायालयाकडे धाडण्याची सरकारला मिळालेली अनिर्बंध मुभा अनुच्छेद १४ च्या विरुद्ध ठरली. ‘त्वरित न्यायाची गरज’ हे कारण सर्वोच्च न्यायालयास पुरेसे वाटले नाही.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर अजमल कसाबचा खटलाही खास न्यायालयातच चालला; पण तेथे त्यास सरकारी खर्चाने वकील मिळाला, आणि २०१० मधील शिक्षेची फेरतपासणी उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी केली. २०१२ मध्ये त्यास फाशी झाली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी मात्र पुराव्याअभावी सुटले, व ती सुटका वरिष्ठ न्यायालयांतही टिकली.

तेव्हा ‘खास’ या नावात दोष नाही. न्यायाधीश फिर्यादीच्या मर्जीबाहेर आहे काय, आणि चूक झाल्यास ती दुरुस्त करणारे वरचे न्यायासन आहे काय, या दोन कसोट्या निर्णायक होत. संशयित हा अपराधीच असेल असे नाही; आणि हा भेद ज्या प्रक्रियेने सिद्ध व्हावयाचा, तीच त्याच्यापासून काढून घेतली तर राज्यसंस्थेस स्वतःची चूक कळण्याचा मार्ग उरत नाही. लाहोरमध्ये तो मार्ग बंद होता, हाच त्या खटल्याचा खरा दोष होय.