‘हे कशावरून?’

पुण्यास विद्यापीठ मिळाले १९४९ साली. पण सशास्त्र लेखनाची शाळा तेथे त्यापूर्वी ३९ वर्षे उघडली होती. इतिहासाचार्य राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ ते हेच. राजवाड्यांनी १८९८ च्या आपल्या पहिल्या साधनखंडातच बखरींतील चुका अस्सल पत्रांवरून दाखविल्या होत्या. तीच कसोटी मंडळाच्या सभांत वाचल्या जाणाऱ्या निबंधांस लागली. भाषा कितीही गोड असो, आधारावाचून विधान टिकत नसे. आजच्या विद्यार्थ्यास शुद्धलेखनाचे नियम पुष्कळ सांगितले जातात, ‘हे कशावरून?’ असे आपुलकीने विचारणारी सभा मात्र क्वचितच लाभते. ती मिळवून देणे, हेच आम्ही अध्यापकांचे पहिले कर्तव्य समजतो.