सायकल प्रदर्शने : दालनातून रस्त्याकडे

बंदिस्त दालनांत भरणाऱ्या सायकल व्यापार प्रदर्शनांचे आकर्षण ओसरत चालले आहे. लास व्हेगासमध्ये अनेक वर्षे भरलेले 'इंटरबाइक' हे अमेरिकेतील प्रमुख प्रदर्शन २०१८ मध्ये रेनो येथे हलविण्यात आले आणि त्यानंतर बंद पडले. मोठ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांसाठी स्वतंत्र मेळावे घेऊ लागल्या. नव्या मॉडेलची माहितीही इंटरनेटवर आधीच मिळू लागली. याउलट, कॅलिफोर्नियात १९९१ पासून मोकळ्या मैदानात होणारा 'सी ऑटर क्लासिक' हा महोत्सव टिकून आहे. तेथे सायकल प्रत्यक्ष चालवून पाहता येते.

हे महत्त्व पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील रस्त्यांवर सहज पटते. आंबेगाव तालुक्यात मंचरहून घोडेगाव, डिंभेमार्गे भीमाशंकरला चढणारा रस्ता किंवा जुन्नरच्या सीमेवरील माळशेज घाट गिअर आणि ब्रेकची जी परीक्षा घेतो, ती दालनातील गालिच्यावर होत नाही.

मात्र, अनेक कंपन्यांचा माल एकाच छताखाली तुलना करून पाहण्याची सोय दालनातच होती. कोणत्याही एका कंपनीच्या मेळाव्यात ती मिळत नाही. प्रदर्शने बंद पडल्याने खरे नुकसान होते ते लहान दुकानदाराचे.