मधुमेह नशिबात लिहिलेला नसतो: जनुकांवरच्या खुणा आणि आईचे पोषण

"घराण्यातच शुगर आहे, आपल्यालाही होणारच," असे आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास बोलले जाते. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे अकलूज परिसरातील तरुण कार्यकर्त्यांना माहीत असावे, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

एपिजेनेटिक बदल म्हणजे काय?

जनुके आई-वडिलांकडून मिळतात. पण कोणते जनुक किती काम करणार, हे डीएनएवरील रासायनिक खुणांवरही अवलंबून असते. मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट डीएनएला चिकटणे ही त्यातली सर्वाधिक अभ्यासलेली खूण. आहार, उपासमार, व्यायाम आणि वय यांनुसार या खुणा बदलतात. जनुक मात्र तेच राहते. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींमध्ये अशा खुणा मधुमेहींत वेगळ्या आढळल्या आहेत.

पोटात असतानाची उपासमार

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांमध्ये पुढे साखर पचवण्याची क्षमता कमी आढळली. सुमारे साठ वर्षांनंतरही त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या.

पुण्याजवळच्या गावांनी काय दाखवले?

आपल्याकडचा पुरावाही महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि चरबी जास्त होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून मेदयुक्त.

सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक आढळले. मिथाइल गट तयार होण्यासाठी ब-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. त्यामुळे संशयाची सुई एपिजेनेटिक बदलांकडे जाते. मात्र हेच एकमेव कारण आहे, असे अजून सिद्ध झालेले नाही.

याच अभ्यासात गरोदरपणी कष्टाची कामे जास्त करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान आढळली. अकलूजसारख्या ऊसपट्ट्यात, जिथे गरोदर स्त्रियाही फडात मोळ्या उचलतात, तिथे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दोष आईचा नाही

हे वाचून कुणी आईला बोल लावू नये. पोटभर सकस अन्न आणि विश्रांती मिळणे हा हक्काचा प्रश्न आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तो याच भूमिकेतून: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे.

आपण काय करू शकतो?

• किशोरवयीन मुली आणि गरोदर स्त्रियांच्या ताटात दूध, दही, अंडी, मासे किंवा मटण यांपैकी काहीतरी असावे. ब-१२ यांतूनच मिळते. हिरव्या पालेभाज्याही हव्यात.
• सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. ब-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावे.
• गरोदरपणात साखरेची तपासणी करून घ्यावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर उपचार लागतात.
• पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. अर्ज भरायला तरुणांनी मदत करावी.
• तरुणांनी व्यायाम सोडू नये. स्वीडनमधील २०१३ च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या व्यायामाने चरबीच्या पेशींतील खुणा बदललेल्या दिसल्या.

जन्मावरून माणसाचे भविष्य ठरते, हे आपण समाजात नाकारले. आरोग्यातही ते नाकारायला विज्ञान आपल्याला आधार देते. पुढच्या पिढीची शुगर रोखण्याचे काम आजच्या मुलीच्या ताटापासून सुरू होते.