मुळापाशी बसलेले राखणदार

दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या बालाघाटावर तूर पिवळ्या फुलांनी लहडते. नेमके याच दिवसांत एखादे झाड मान टाकते. जमिनीत ओल असूनही ते वाळत जाते. खोडाची साल काढून पाहावी तर आत काळपट रेघ! हाच तुरीचा 'मर'.

हा दैवाचा कोप नव्हे. एडविन बटलर या शास्त्रज्ञाने १९०६ साली बिहारात या रोगाची नोंद केली आणि १९१० साली पुसा येथून त्याची सविस्तर चिकित्सा मांडली. मातीतली बुरशी बारीक मुळांतून आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबविते. पीक निघाले तरी जुन्या धसकटांत ती वर्षानुवर्षे तग धरते. मग वरून फवारा मारून काय उपयोग?

त्या काळी बीड निजामाच्या राज्यात होते. शेतकरी तूर एकटी न पेरता ज्वारीत तिच्या ओळी टाकीत. ज्वारीच्या संगतीत मर कमी होतो, हे पुढे प्रयोगांतही दिसले.

शत्रू मातीत, तसा राखणदारही मातीतच होता. मुळांभोवतीच्या मातीत जिवाणूंची दाटी असते. त्या भागाला १९०४ साली जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनरने नाव दिले. १९८० साली कॅलिफोर्नियात जोसेफ क्लोपर व सहकाऱ्यांनी त्यांतल्या स्यूडोमोनास जिवाणूंची युक्ती उलगडली: ते मातीतले लोह आपल्याकडे ओढून घेतात आणि अपायकारक जंतूंची उपासमार करतात. गवताच्या काढ्यात सापडणारा बॅसिलस सबटिलिस तर बुरशीला मारक द्रव्येच स्रवतो.

आज हे राखणदार भुकटीच्या रूपाने पुडीत मिळतात. किलोभर बियाण्याला साधारण दहा ग्रॅम चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बी रुजताच पहारा सुरू होतो. मात्र मान टाकलेले झाड ते उठवू शकत नाहीत. कोरड्या, निःसत्त्व मातीत ते स्वतःच टिकत नाहीत. त्यांनाही ओल हवी, शेणखत हवे. बीडसारख्या अवर्षणाच्या मुलखात हीच खरी अडचण. म्हणून बदनापूरच्या संशोधन केंद्राची 'बीएसएमआर ७३६'सारखी मर सोसणारी जात, पिकांची फेरपालट आणि जिवाणू यांची सांगड घालावी लागते.

वाचकहो, सणाच्या पुरणात हरभऱ्याची डाळ असो वा रोजच्या वरणात तुरीची, तिच्यामागे हा न दिसणारा पहारा असतो. पेरणीआधीची दहा मिनिटे ज्याने दिली, त्याच्याच शेतात तो उभा राहतो.