पाणी थांबतं तेव्हा : टेक्सासची हिमलाट आणि चांद्याचे तलाव

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना नक्कीच प्रश्न पडला असेल. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून पोहण्याच्या तलावातलं पाणी गोठण्याची चर्चा कशाला? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांच्या पुढे जातो. थंडीचं म्हणाल तर नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा सगळ्या विदर्भानं शेकोट्या पेटवल्या. पण तेवढ्या थंडीतही नळातलं पाणी गोठत नाही. महाराष्ट्रात बर्फ म्हणायचं तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो पेपरात येतात. एवढंच.

तरीही हा विषय आपला आहे असं आम्हाला वाटतं. कारण खरा प्रश्न थंडीचा नाही. पाणी वाहतं ठेवणारी कोणतीही व्यवस्था एका कठीण ऋतूत बंद पडते. ती बंद करताना कोण सांभाळतो आणि पुन्हा सुरू कोण करतो, हा प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर आपल्याला टेक्सासमध्ये सापडतं, दुसरं आपल्या झाडीपट्टीत. आधी टेक्सासकडे जाऊ.

फेब्रुवारी २०२१. अमेरिकेच्या दक्षिणेतलं टेक्सास हे उष्ण राज्य. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात, विदर्भातलीही आहेत. तिथं पुष्कळ घरांच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो. आता उत्तरेकडच्या राज्यांत थंडी येण्याआधी असा तलाव रीतसर बंद करतात. पाण्याची पातळी खाली आणायची, नळांत हवा मारून आतलं पाणी काढायचं, तोंडं बुचांनी बंद करायची आणि वर आच्छादन टाकायचं. ही तिथली दरवर्षीची रीत आहे. टेक्सासमध्ये ही रीत नाही, कारण गरजच पडत नाही. तलाव वर्षभर चालू असतो. एखाद्या रात्री पारा शून्याजवळ गेलाच, तर एक छोटं उपकरण हवेचं तापमान ओळखतं आणि पंप आपोआप सुरू करतं. वाहतं पाणी सहजी गोठत नाही, त्यामुळे रात्र निभावून जाते.

इथं थोडं विज्ञान सांगायला हवं. पाणी गोठताना आकुंचन पावत नाही, फुगतं. साधारण नऊ टक्के. लोखंड असो की प्लास्टिक, बंद जागेत अडकलेलं पाणी फुगलं की भिंत तडकते. दुसरी गंमत अशी, की पाणी सगळ्यात जड असतं चार अंशांना. म्हणून मोठा तलाव वरून गोठतो, खाली पाणी राहतं, मासे जगतात. म्हणजे धोका तलावाला कमी आणि जमिनीवर उघड्या असलेल्या यंत्रांना जास्त. पंप, गाळणीची टाकी, पाणी तापवायचं यंत्र आणि त्यांना जोडणारे नळ, यांच्यात पाणी थोडं आणि चहूबाजूंनी गार हवा. पहिली भेग तिथंच पडते.

१५ फेब्रुवारीच्या पहाटे टेक्सासची वीज गेली. थंडीमुळे गॅसच्या विहिरी आणि नळ गोठले, वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडली, मागणी मात्र वाढत गेली. वीजजाळं सांभाळणाऱ्या संस्थेनं लाखो घरांचा पुरवठा तोडला. नंतरच्या चौकशीत असं निघालं की सगळं जाळं कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद बाकी होती. पंचेचाळीस लाखांवर घरं आणि दुकानं अंधारात गेली, काहींची वीज तीन-चार दिवस आली नाही. १६ तारखेला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांपर्यंत खाली गेला. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. त्यापुढे अंगणातल्या तलावाचं नुकसान कोणी मोजावं? पण आपल्या विषयाची किल्ली त्या तलावातच आहे.

बघा काय झालं. पंप वाचवणारं उपकरण विजेवर चालणारं. वीज गेली तेव्हा ते गप्प बसलं. ज्या रात्रीसाठी ते बसवलं होतं, नेमक्या त्याच रात्री ते निकामी झालं. आता काम हातानं करायचं होतं. तेही फार नव्हतं. मुख्य बटण बंद करायचं, म्हणजे मध्येच वीज आली तर गोठलेला पंप फिरणार नाही. पंपाच्या, गाळणीच्या आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या तळाशी असलेली बुचं काढून आतलं पाणी जाऊ द्यायचं. गाळणीवरची हवेची कळ उघडायची. काढलेली बुचं पंपाच्या जाळीच्या डब्यात ठेवायची, म्हणजे हरवत नाहीत. अर्ध्या तासाचं काम. पण कोणतं बूच कुठे आहे हे पुष्कळांना माहीतच नव्हतं, कारण इतकी वर्षं ते काम यंत्र करत होतं.

आणि पुन्हा सुरू करणं? तिथं घाई नडते. आधी सगळं पूर्ण वितळू द्यायचं. मग प्रत्येक जोड, प्रत्येक टाकी हात फिरवून पाहायची, कारण बर्फानं पडलेली भेग बर्फ असेपर्यंत गळत नाही. बुचं लावायची, पंपाच्या डब्यात पाणी भरायचं, हवा निघून जाऊ द्यायची आणि मगच बटण दाबायचं. पाणी तापवायचं यंत्र सगळ्यात शेवटी. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पंपात पाणी भरल्याशिवाय, हवा काढल्याशिवाय मोटर चालवली की काय जळतं, हे सावली-सिंदेवाहीच्या कोणत्याही बांधावर विचारा.

आता इतिहासाचा मुद्दा. टेक्सासवर ही वेळ पहिल्यांदा आली नव्हती. डिसेंबर १९८९ मध्ये अशीच थंडी पडली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये पुन्हा पडली, वीज गेली. २०११ च्या चौकशी अहवालात वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज करा असं स्पष्ट लिहिलं होतं. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हती. सक्तीचा कायदा झाला जून २०२१ मध्ये, म्हणजे माणसं गेल्यानंतर. दहा वर्षं अहवाल होता, त्यावर काम करायची जबाबदारी कोणाची हे ठरलं नव्हतं.

आता चांद्याकडे येऊ.

आपल्याकडे पाण्याची यंत्रणा म्हणजे तलाव. गोंड राजांच्या काळापासून या मुलखात तलाव बांधणाऱ्याला मान होता. परंपरा सांगते की जंगल साफ करणाऱ्याला ती जमीन मिळे आणि तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. तलावासाठी मिळालेल्या अशा जमिनीच्या हक्काला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातलं तुकूम तुम्ही रोज ओलांडता. नावाच्या मागे तुकूम लागलेली गावं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तलाव बांधण्यात तरबेज अशी कोहळी जमात गोंड राजानं काशीहून आणली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यातल्या पाळी आजही साक्ष देतात. १७५१ मध्ये चांद्याचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, पुढे इंग्रजांकडे. इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली आणि तलाव मालगुजारांचे झाले. पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी.

या तलावाची यंत्रं कोणती? मातीची पाळ. जादा पाणी काढून देणारा सांडवा. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं दार, तुडूम. तिथून बांधीपर्यंत जाणारे पाट. यात वीज नाही, पंप नाही. पण ऋतूचा मार इथंही आहे, फक्त उलट्या बाजूनं. टेक्सासमध्ये पाणी फुगून नळ फुटतो. आपल्याकडे पाणी आटून पाळ फाटते. उन्हाळ्यात चिकणमाती सुकते, आकसते, तिला भेगा पडतात. दाराचं लाकूड वाळून सैल होतं, लोखंड गंजतं. भेगेत उंदीर-खेकडे घर करतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला, तलाव एका रात्रीत भरला, की पाणी बरोबर त्या भेगेतून वाट काढतं. पऱ्हे टाकून झालेले असतात आणि रोवणीसाठी राखलेलं पाणी वाहून जातं.

म्हणून इथंही बंद करायची आणि सुरू करायची रीत होती. धान निघालं की दार बंद ठेवायचं, गुराढोरांपुरतं पाणी राखायचं. उन्हाळ्यात तलाव उघडा पडला की गाळ काढायचा, तो शेतात टाकायचा. पाळीवरच्या भेगा माती भरून चोपायच्या. पावसाआधी दार साफ करायचं, सांडव्यातला पालापाचोळा काढायचा. आणि पहिल्या पावसात कोणीतरी रात्री पाळीवर जाऊन कुठे झिरपतंय ते पाहायचं. गोठलेला पंप आणि सुकलेली पाळ, दोघांचा नियम एकच: भेग आधी शोधा, पाणी नंतर येऊ द्या.

हे काम कोण करायचं? मालगुजार करवून घ्यायचा, गाव करायचं. याचं उगाच सोनं करू नये. पुष्कळ ठिकाणी हे बिनपैशाचं राबणं होतं, पाण्याची पहिली पाळी मालगुजाराच्या शेताला होती. ती सत्ता गेली हे चांगलंच झालं. १९५० च्या मध्यप्रदेशच्या कायद्यानं मालगुजारी संपली, ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला आणि तलाव सरकारचे झाले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र आला, मग जिल्हा परिषदा आल्या. १०० हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे, पाण्याचा हक्क शेतकऱ्यांकडे. कागदावर प्रत्येकाला काहीतरी मिळालं. पण मे महिन्यात पाळीवर चोपण घेऊन जाणारा माणूस कोणाच्याच वाट्याला आला नाही. गाळ साचत गेला, बेशरमची झुडपं वाढली, तलावाच्या पोटात अतिक्रमणं झाली. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, कार्यालयं जवळ आली, पण हा माणूस परत आला नाही.

एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. मे २०१० मध्ये इरई धरण आटलं आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातले संच बंद ठेवावे लागले. टेक्सासमध्ये वीज गेली म्हणून पाणी थांबलं. चंद्रपुरात पाणी गेलं म्हणून वीज थांबली. मोठी व्यवस्था अशीच असते. एक दुसऱ्यावर उभी, आणि दोन्ही एकाच ऋतूत संकटात.

मग इतिहास काय सांगतो? मालगुजार परत आणा, असं तो सांगत नाही. यंत्र नको, असंही नाही. तो एवढंच सांगतो, की ज्या व्यवस्थेत हातानं करायचं काम कोणाचं हे ठरलेलं नसतं, ती वाईट दिवशी कोलमडते, मग ती संगणकावर चालो की मातीवर. टेक्सासच्या त्या रात्री ज्या घरात एकाला तरी बुचाची जागा ठाऊक होती, त्या घराला पंप वाचवायची संधी होती. आपल्याकडेही गाळ काढायच्या योजना येतात. २०१४ नंतर जलयुक्त शिवार आलं, मग गाळमुक्त धरण आलं. यंत्रं लागतात, गाळ निघतो, फोटो निघतात. पण गाळ काढणं म्हणजे दुरुस्ती. सांभाळणं दरवर्षीचं असतं आणि त्याला योजनेची नाही, माणसाची गरज असते.

तेव्हा तुमच्या गावात तलाव असेल तर या उन्हाळ्यात ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. दाराची शेवटची दुरुस्ती कधी झाली? सांडवा मोकळा आहे का? आणि पहिल्या पावसाच्या रात्री पाळीवर कोण जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कार्यालयात मिळतील. तिसऱ्याचं उत्तर गावातच ठरवावं लागेल, आणि ते मृगाआधी ठरलेलं बरं.

पुढच्या व्याख्यानात आपण घोडाझरी आणि आसोलामेंढा या इंग्रजी अमदानीतल्या तलावांकडे वळू. १८९६ ते १९०० मधल्या दोन दुष्काळांनंतर सरकारला सिंचन का आठवलं, तिथून सुरुवात करू.